पिशवी एक, कामं दोन: स्टफ सॅक म्हणूनही चालणारी अल्ट्रालाइट डे पॅक नीट तपासायची कशी

ज्यांनी ही भानगड वापरलेली नाहीये त्यांच्यासाठी आधी चार ओळी. मोठ्या सॅकमध्ये स्लीपिंग बॅग किंवा गरम कपडे कोंबायला जी नाडीची पिशवी असते ना, स्टफ सॅक, तिलाच दोन पातळ पट्टे शिवलेले असतात. मुक्कामाला पोचलात, तंबू लावला, पिशवी रिकामी केली, दुसऱ्या दिवशी मोठी सॅक तंबूतच ठेवायची आणि हीच पाठीला अडकवून, म्हणजे डे पॅक करून, शिखरावर नाहीतर आसपास भटकायला मोकळे. वजन साधारण ६० ते ८० ग्रॅम. अजून एक प्रकार असतो, स्वतःच्याच छोट्या खिशात घडी होऊन मुठीएवढा होणारा, पण त्याच्यात आपण काही कोंबत नाही, तोच स्वतःला कोंबून घेतो, त्यामुळे तो विषय वेगळा. इथे फक्त पहिल्या प्रकाराबद्दल बोलतेय.

गोम अशी आहे की ही दोन कामं एकमेकांच्या मुळावर उठलेली आहेत. स्टफ सॅक गुळगुळीत हवी, गोल हवी, बाहेर काही लोंबतं नको. डे पॅकला पट्टे हवेत, पाठीला लागणारी बाजू सपाट हवी, तोंड मोठं हवं. बरेच जण पिशवी आणतात, पाठीला लावून आरशासमोर उभे राहतात, आत एक जॅकेट टाकून बघतात, आणि म्हणतात मस्त आहे. दोन्ही कामं सुटी सुटी तपासली तर बहुतेक पिशव्या पास होतात, फसतात त्या एका कामातून दुसऱ्या कामात जाताना. मी स्वतः तशीच फसलेय, ते पुढे सांगते. म्हणून खालच्या पायऱ्यांत पायरी ७ ला सगळ्यात जास्त वेळ द्या, बाकीच्या, शेवटची बाहेरची फेरी सोडली तर, सुट्टीच्या एक-दोन दिवसांत घरीच उरकतात.

पायरी १: वजन करा, आणि मग वजाबाकी करा

१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा वजनकाटा पुरे. पिशवी जशी आली तशी ठेवा, आकडा लिहा. मग निघू शकणाऱ्या गोष्टी काढा, म्हणजे कार्डबोर्डची लेबलं, सुटा छातीचा पट्टा, जास्तीची नाडी, आणि परत आकडा लिहा. कंपनीने लिहिलेल्यापेक्षा चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे असतील तर त्यावर डोकं खाऊ नका, कोटिंग कमीजास्त बसलं तरी तेवढा फरक पडतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. ही पिशवी आल्यामुळे तुमच्या सॅकमधून बाहेर काय जाणारे? समजा तुमची आत्ताची साधी स्टफ सॅक ३८ ग्रॅमची आणि ही ७४ ची, तर तुम्हाला डे पॅक पडली ३६ ग्रॅमला, म्हणजे जवळपास फुकट. पण तुम्ही जर स्लीपिंग बॅग कुठल्याच पिशवीत न घालता सॅकच्या लायनरमध्ये, म्हणजे सॅकच्या आत घालायच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत, तशीच सैल कोंबत असाल (अल्ट्रालाइटवाले, म्हणजे पाठीवरचं वजन कमीत कमी ठेवणारे, बरेच जण असंच करतात, आणि ते बरोबरही आहे कारण सॅकचे कोपरे छान भरतात) तर मग पूर्णच्या पूर्ण ७४ ग्रॅम तुमच्या अंगावर. आणि ज्यांची मोठी सॅकच ६००-७०० ग्रॅमची मऊ, फ्रेम नसलेली आहे त्यांनी ती रिकामी करून वरून आवळली की तीच डे पॅक होते, शून्य ग्रॅम. हे मी पिशवीच्या विरोधात बोलत नाहीये, माझ्याकडे आहेच ती, पण वजाबाकी केल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

पायरी २: कापड कोणतं ते ओळखा

या पिशव्या बहुतेक सिलनायलॉनच्या असतात, म्हणजे पातळ नायलॉनवर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेलं. काही सिलपॉलीच्या, म्हणजे तेच पण पॉलिएस्टरवर. काहींना आतून पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग असतं. आणि महागातल्या डायनीमा कॉम्पोझिटच्या, ज्याला पूर्वी क्यूबेन फायबर म्हणायचे. लेबलवर १५ डी, ३० डी, ७० डी असं लिहिलेलं असतं ते डेनियर, ९,००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम भरतं तो आकडा. म्हणजे ३० डेनियरचा धागा ९ किलोमीटर लांब घेतला तर ३० ग्रॅम. हे एकदा डोक्यात बसलं की कापडाकडून अपेक्षा आपोआप वाजवी होतात.

कोटिंग ओळखायला सोपी युक्ती आहे. साध्या चिकटपट्टीचा तुकडा आतून आणि बाहेरून लावून बघा. सिलिकॉनवर ती धरत नाही, लगेच सुटते. पीयूवर बऱ्यापैकी चिकटते. याचा उपयोग पुढे शिवणी सील करताना आणि ठिगळ लावताना होतो, कारण सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं, बाकीचं काही दिवसांत पापुद्र्यासारखं निघून हातात येतं.

नायलॉन भिजलं की थोडं ताणतं आणि लोंबतं, पॉलिएस्टर तितकं लोंबत नाही. डायनीमा कॉम्पोझिट मुळात विणलेलं कापडच नाहीये, दोन पातळ फिल्ममध्ये धागे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते पाणी पीत नाही, ताणत नाही, फाटायलाही चिवट, पण टोकदार वस्तूने भोक पडतं आणि रोजच्या रोज चुरगळून चुरगळून बारीक भोकं पडायला लागतात. आणि स्टफ सॅकचं रोजचं काम काय, तर चुरगळणं. मला विचाराल तर या दुहेरी कामाला ३० डेनियरचं सिलनायलॉन किंवा तेवढ्याच जाडीचं सिलपॉली हेच शहाणपणाचं. १५ डेनियर डे पॅक म्हणून जीव धरत नाही आणि ७० डेनियरला वजनाचा मुद्दाच राहत नाही.

पीयूवालं जुनं कापड हातात आलं तर वास घ्या. चिकट लागतंय, आंबूस वास येतोय, आतून कोंडा निघतोय असं असेल तर कोटिंग मेलंय. दमट हवेत वर्षानुवर्षं घडी करून ठेवलं की असं होतं, आणि त्यावर इलाज नाही.

पायरी ३: शिवण उलटी करून बघा

पिशवी आतून बाहेर करा आणि उजेडाच्या बल्बखाली बसा. घाई नको. पातळ कापडाच्या पिशव्या बहुतेक वेळा मधे फाटत नाहीत, त्या शिवणीत उसवतात.

आधी टाके मोजा. पट्टीने अडीच सेंटीमीटर मापा आणि त्यात किती टाके बसतात ते बघा. ८ ते १२ असतील तर ठीक. ५-६ असतील तर शिवण सैल आहे, आणि उलट १५-१६ असतील तर तेही वाईटच, कारण सुईची भोकं इतकी जवळ येतात की पातळ कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटतं. मग कापडाचा काठ बघा. नुसता कापून सोडलाय आणि दशा निघतायत, की आत दुमडून त्यावर दुसरी टीप मारलीय? सिलनायलॉनच्या दशा भराभर निघतात. काठ उघडा असेल आणि टिपेपासून जेमतेम २-३ मिलिमीटरवर असेल तर ओझं आल्यावर टाका काठातून निसटून बाहेर येणार.

आता शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत धरून हलकेच विरुद्ध दिशेला ओढा, बल्बसमोर. टाक्यांमधून टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसणारच, ते चालतं. पण उजेडाच्या बारीक चिरा दिसल्या, म्हणजे भोक लांबट झालेलं दिसलं, तर तिथे नखाने खूण करा.

सगळ्यात महत्त्वाच्या जागा चार: दोन्ही पट्ट्यांची वरची टोकं आणि खालचे दोन कोपरे. तिथे पट्टा नुसता शिवणीत अडकवलाय की मागे कापडाचा जास्तीचा तुकडा देऊन आडव्या दाट टाक्यांनी बांधलाय ते बघा. खालच्या कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा असेल तर उत्तम, कारण पट्ट्याची ओढ तिरकी येते आणि त्रिकोणामुळे ती कापडावर पसरते. माझ्या पिशवीत डाव्या कोपऱ्याचा त्रिकोण अर्धाच टिपेत सापडला होता, उजवा व्यवस्थित. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. तेवढ्यासाठी उलटी करायची.

पायरी ४: लिटर स्वतः मोजा

लेबलवर २० लिटर लिहिलंय म्हणून २० लिटर मावत नाही. सॅकची क्षमता मोजायची एक प्रमाणित पद्धत आहे, एएसटीएम एफ २१५३, तिच्यात २० मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे बॉल भरून मोजतात. आपल्याला घरी पट्टी आणि कॅल्क्युलेटर पुरतो.

पिशवी सपाट पसरवा, रुंदी मोजा आणि दुप्पट करा, हा झाला घेर. उंची मोजा. घेराचा वर्ग गुणिले उंची, भागिले १२.५७. उदाहरणार्थ रुंदी ३५ म्हणजे घेर ७०, उंची ४५, तर ४,९०० गुणिले ४५ भागिले १२.५७ म्हणजे साधारण १७,५०० घन सेंटीमीटर, साडेसतरा लिटर. पण नाडी आवळल्यावर वरचे ८ सेंटीमीटर चुण्यांमध्ये जातात. उंची ३७ धरली की उरले १४.४ लिटर. तीन लिटर नुसत्या तोंडाने खाल्ले. हे गोल तळाचं गणित झालं, उशीच्या अभ्र्यासारखी दोन तुकडे जोडून शिवलेली असेल तर अजून कमी भरेल.

स्टफ सॅक म्हणून याचा अर्थ काय? डाऊनची, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांची, स्लीपिंग बॅग चांगली दाबली तर निम्म्या पिशवीत मावते आणि वर नुसतं रिकामं कापड उरतं. मग त्यात डाऊन जॅकेट, झोपायचे कपडे टाकून पिशवी भरायची. सिंथेटिक स्लीपिंग बॅग मात्र एकटीच ती भरून टाकते. आणि एक, पिशवी लहान पडतेय म्हणून गुडघ्याने दाबून दाबून भरायची वेळ येत असेल तर ती तुमच्या स्लीपिंग बॅगसाठी नाही. सततच्या दाबाने सिंथेटिक भरण लवकर बसतं, डाऊनही महिनोन्महिने दाबून ठेवलं की फुगणं कमी होतं.

पायरी ५: कोंबायची परीक्षा

आता प्रत्यक्ष. स्लीपिंग बॅग घ्या, पायाकडचं टोक आधी तळाच्या कोपऱ्यात, मग मुठीमुठीने कोंबत वर या. लगेच कळेल की कोटिंगमुळे हवा बाहेर जायला जागाच नाही. पिशवी फुग्यासारखी होते. तोंड किंचित सैल ठेवून छातीशी धरून मिठी मारा, हवा हळूहळू निघते, मग नाडी ओढा. हे दहा वेळा करा. खरंच दहा वेळा, कारण पहिल्या दोन वेळा सगळं नवं असतं आणि मजा वाटते, सातव्या वेळी कंटाळा आला की कुठे अडतंय ते कळतं, तोंड अरुंद आहे का, मनगट नाडीच्या घडीत घासतंय का, पट्टा दर वेळी आत जातोय का.

नाडीची वेगळी परीक्षा आहे. पिशवी गच्च भरा, नाडी आवळा, कॉर्ड लॉक (नाडी धरून ठेवणारी स्प्रिंगची छोटी कळ) सरकवा आणि रात्रभर कोपऱ्यात उभी ठेवा. सकाळी तोंड किती उघडलंय ते बोटाने बघा. रात्री करंगळी जात नव्हती आणि सकाळी तीन बोटं जातायत, तर पातळ गुळगुळीत नाडीला लॉकची स्प्रिंग धरत नाहीये. नाडी थोड्या जाड, खरखरीत धाग्याची घातली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

मग भरलेली पिशवी मोठ्या सॅकमध्ये घाला, आणि वर बाकी सामान भरून परत बाहेर काढा. इथे दोन गोष्टी घडतात. एक, पट्टे बाकीच्या सामानात अडकतात. दोन, आपण नकळत पिशवी पट्ट्याला धरूनच खेचतो! पाठीवर असताना पट्ट्यावर येणारी ओढ वेगळी आणि खालून गच्च अडकलेलं बोचकं एका पट्ट्याने हिसडून काढतानाची वेगळी, ती सगळी एकाच टिपेवर येते. दहा वेळा कोंबून झाल्यावर पट्ट्याची मुळं परत बल्बखाली बघा. तोंडाजवळ टांगायचा छोटा फास असेल तर त्याला धरायची सवय लावा.

काही जण यावर उपाय म्हणून पिशवी उलटी करून वापरतात, म्हणजे पट्टे आतल्या बाजूला आणि बाहेरून सगळं गुळगुळीत. सॅकमध्ये छान सरकते, अडकत नाही. पण दिवसभर जमिनीवर टेकलेला तळ आणि घामाने ओला झालेला पाठीचा भाग आता आतून तुमच्या स्लीपिंग बॅगला लागतोय. घाम, तेल, माती, सगळ्याने डाऊन चिकटतं आणि फुगायचं कमी होतं. मी करत नाही. पट्टे पिशवीभोवती गुंडाळून एक रबर लावते, एवढंच.

पायरी ६: वजन टांगा, मग पाठीला लावा

पाण्याच्या १ लिटरच्या भरलेल्या बाटल्या म्हणजे प्रत्येकी साधारण १ किलो, मोजायला सोप्या. आधी २, मग ४, मग ६ किलो. पिशवी दोन्ही पट्ट्यांनी मजबूत हुकला टांगा, दर वेळी अर्धा तास. खाली जाड चादर ठेवा, बाटली पायावर पडायला नको. ४ किलोला शिवणीतल्या खुणा केलेल्या जागी भोकं लांबली तर तिथेच थांबा. पायरी ३ मध्ये ज्या अर्ध्या त्रिकोणाबद्दल बोलले तो कोपरा ६ किलोला कुरकुरला, फाटला नाही पण टाके ताणून तिरके झाले. हाताने चार दाट टाके घालून आतून पट्टीचा तुकडा शिवला, त्यानंतर गप्प आहे.

बकल असतील तर पट्टा जिथे बकलमधून बाहेर येतो तिथे खडूने रेघ मारा आणि जिना वीस मिनिटं चढ-उतार करा. रेघ किती सरकली ते मोजा. सेंटीमीटरभर सरकली तर चालतं, चार-पाच सरकली तर दिवसभर तुम्ही पट्टेच ओढत बसणार. पट्ट्याच्या टोकाला गाठ मारली तर निदान पूर्ण निसटत तरी नाही.

खांद्याचं म्हणाल तर साधा हिशोब आहे, २ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्याखाली तेच ओझं ६ सेंटीमीटरच्या पट्ट्यापेक्षा तिप्पट दाबतं. ४ किलोच्या वर गेलात की या पिशव्या खांद्यात रुततात, यात कुठल्या पिशवीचा दोष नाही, ७० ग्रॅममध्ये गादी मिळत नाही. पट्ट्याखाली घडी केलेला बफ (गळ्याभोवती घालायचा नळीसारखा रुमाल) किंवा जाड मोजा घालून बघा, दिसायला विचित्र पण आराम पडतो. बसायची फोमची छोटी चटई असेल तर ती पाठीच्या बाजूने आत उभी सरकवा, बाटलीचं बूच मणक्याला टोचायचं थांबतं आणि पिशवीला आकारही येतो. आणि धावू नका हो. धावताना ४ किलो ४ किलो राहत नाहीत, प्रत्येक पावलाला हिसका बसतो आणि तो सरळ त्या चार टिपांवर.

पायरी ७: अदलाबदल

तर माझी फजिती. दोन मुक्काम एकाच जागी होते, मधल्या दिवशी शिखर. पहाटे चारला उठले, अंधार, थंडी, हातमोजे घातलेले, स्लीपिंग बॅग पिशवीतून आदल्या रात्रीच काढलेली होती त्यामुळे पिशवी रिकामी, पण तिच्यात ठरल्याप्रमाणे झोपताना मी जॅकेट भरून उशी केली होती. ते काढलं. पाणी, खाऊ, वारा अडवायचं जॅकेट, प्राथमिक उपचाराचं पाकीट भरलं आणि निघाले. नऊ तासांनी परत आले तर स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला गार. तंबूच्या आतल्या बाजूला रात्रभरचा श्वास गोठून बसला होता, ऊन पडल्यावर तो वितळला आणि टप टप टप बरोबर बॅगेवर. पाऊस नाही, तंबू गळका नाही, दोष कुणाचाच नाही. फक्त स्लीपिंग बॅगची पिशवी माझ्या पाठीवर होती.

मी घरी पिशवीला पाणी, वजन, शिवण, सगळं तपासलं होतं आणि हा एवढा साधा प्रश्न विचारलाच नव्हता: पिशवी बाहेर फिरायला गेली की आतली वस्तू राहणार कुठे?

त्यामुळे ही पायरी घरीच, पण रंगीत तालीम केल्यासारखी करा. रात्री दिवे बंद, हेडलॅम्प लावा, जाड हातमोजे घाला, तंबूत बसल्यासारखं जमिनीवर बसूनच, उभं राहायचं नाही. घड्याळ लावा. भरलेली पिशवी मोठ्या सॅकमधून काढा, रिकामी करा, आतली वस्तू सुरक्षित जागी ठेवा, दिवसाचं सामान भरा, पट्टे नीट करून पाठीला लावा. मग परत उलटा प्रवास. पाच मिनिटांत होत असेल तर उत्तम, पंधरा लागत असतील तर पहाटे तुम्ही वैतागणार. हातमोज्यांत कॉर्ड लॉक दाबला जातो का, पट्ट्याला पीळ पडलाय हे अंधारात कळतं का, पिशवीची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे हाताला समजतं का, हे इथेच कळतं. मी पाठीच्या बाजूला आतून रंगीत धाग्याचे तीन टाके घातलेत, बोटाला लागतात.

आणि सुरक्षित जागा म्हणजे काय ते आत्ताच ठरवा. माझं उत्तर आता ठरलेलं आहे: मोठ्या सॅकचा प्लॅस्टिकचा लायनर. निघताना स्लीपिंग बॅग लायनरमध्ये, लायनरचं तोंड पिळून दुमडून, सॅक बंद. पण रात्रीच्या श्वासाने बॅग आधीच दमट असेल आणि ती तशीच दिवसभर कोंडली तर संध्याकाळीही दमटच मिळेल, म्हणून ऊन असेल आणि कुणी मुक्कामाला थांबणार असेल तर वाळत घालायला सांगून जाते. दुसरा मार्ग, ही पिशवी स्लीपिंग बॅगला न वापरता कपड्यांना वापरायची. शिखराच्या दिवशी त्यातले निम्मे कपडे तसेही अंगावर किंवा बरोबरच असतात, उरतात ते थोडे. खरं सांगायचं तर हाच मार्ग जास्त बरा.

परतीचंही बघा. पिशवी दिवसभर फिरून आली, तळाला चिखल, पाठ घामेजलेली, आणि तासाभरात तिच्यात कोरडं सामान जाणारे. घरी तिला पाण्यात बुडवा, झटका, वजन करा, टांगा, आणि दर पंधरा मिनिटांनी वजन करत रहा, मूळ आकड्यावर यायला किती वेळ लागतो बघा. मोकळ्या हवेत सिलनायलॉन पटकन सुकतं, पण पट्टे आणि नाडीची घडी यांत ओल राहते, आणि वेळ तिथेच जातो. कोरड्या फडक्याने आधी पुसून घेतलं तर अर्धं काम होतं.

पायरी ८: पाणी

पिशवी पाण्याने काठोकाठ भरून टांगू नका, १५ लिटर म्हणजे १५ किलो, शिवणच जाईल. दोन लिटर ओता, हाताने उचलून पाच मिनिटं धरा आणि तळाची शिवण कुठे घाम फोडते ते बघा. मग पिशवी वाळवून आत कोरडे टिश्यू पेपर सगळ्या बाजूंनी लावा, हलकं सामान भरा, तोंड आवळा आणि शॉवरखाली दहा मिनिटं. ओले टिश्यू बघितले की गळती कुठून आहे याचा नकाशाच मिळतो. कापडातून पाणी सहसा येत नाही, येतं ते टाक्यांच्या भोकांतून आणि नाडीच्या तोंडातून. लेबलवर १,५०० मिलिमीटर वगैरे लिहिलेलं असतं तो कापडाचा आकडा, म्हणजे कापडाने तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसला. शिवणीला तो लागू नाही.

शिवण सील करायची तर सिलिकॉन कापडाला शुद्ध सिलिकॉन सीलंट, मिनरल टर्पेंटाइनमध्ये ब्रशने लावता येईल इतकं पातळ करून, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब. टाक्यांच्या रेषेवर पातळ थर द्या, २४ तास टांगून ठेवा. चिकटपणा राहिला तर थोडी टाल्कम पावडर चोळा. पीयू कोटिंगला पीयूसाठीचं सीलर. नाडीच्या तोंडाचं काही होत नाही, ते गळणारच. तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी त्या बाबतीत बरी, पण कुठलीही असली तरी स्लीपिंग बॅगेचा कोरडेपणा या पिशवीच्या भरवशावर सोडू नका, तिच्याबाहेर लायनर हवाच.

पायरी ९: घासणं आणि टोचणं

नव्या पिशवीवर काँक्रीट घासून बघायची हौस करू नका. दुरुस्तीचा तुकडा बरोबर आला असेल तर तो दगडावर दाबून घासा, किती फेऱ्यांत धागे विरतात ते बघा. ३० डेनियर फार टिकत नाही, डोळ्यांनी बघितलं की खडकावरून बुडावर घसरताना पिशवी पुढे घ्यायची बुद्धी आपोआप होते.

सुईने त्याच तुकड्याला भोक पाडा आणि नखाने आडवंउभं घासा, विणलेल्या कापडात धागे परत जागेवर येऊन भोक जवळपास बुजतं. डायनीमा कॉम्पोझिटमध्ये बुजत नाही, तिथे त्याचीच टेप लागते. घरातलं सामान भरून पिशवी जमिनीवर दोन-चार वेळा टेकवा, आणि आतून बोट फिरवून पॉवर बँकचा कोपरा, किल्ल्या, बर्नर यातलं काय कापडाला टोचतंय ते शोधा. ते मधे, कपड्यात गुंडाळून.

पायरी १०: पहिली फेरी, आणि कधी परत करायची

पहिल्यांदा बाहेर नेताना एक मुक्काम, जवळचीच जागा, आणि ओझं ३ किलोच्या आत. बरोबर सुई, पॉलिएस्टरचा जाड धागा आणि कापडाला चालेल असं ठिगळ, सगळं मिळून ५-१० ग्रॅम. परत आल्यावर त्याच बल्बखाली तीच पिशवी उलटी करून त्याच चार जागा.

पट्ट्याच्या मुळाशी कापडाचे धागे सरकून जाळी दिसायला लागली, टाके सुटले किंवा नाडीचा लॉक बदलूनही धरेना, तर वॉरंटी असेपर्यंत परत करा. मात्र शिवण सील करायच्या आधी हा निर्णय घ्या, सीलंट लावलेली पिशवी बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. म्हणून पाण्याची पायरी मी मागे ठेवलीय, आणि तीही नुसती बघण्यापुरती, सीलंटची बाटली पहिल्या फेरीनंतरच उघडा. खांदे दुखले, पाठ घामाने भिजली, पिशवी पाठीवर बोचक्यासारखी गोल झाली, या तक्रारींवर मात्र परत करू नका, दुसरी घेतलीत तरी तिच्यातही हेच होणारे.

धुवायची वेळ आली तर कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने. मशीन नको, ड्रायर नको, इस्त्री तर अजिबात नको. सावलीत वाळवा, कारण उन्हाने नायलॉन हळूहळू कमकुवत होतं. आणि कपाटात ठेवताना घट्ट गुंडाळी करून ठेवू नका, हँगरला सैल टांगा, नाडी पूर्ण उघडी.